नॉनमेम आणि तळाच्या संहती : एका वापरकर्त्याचे परीक्षण

फार्माकोकायनेटिक मॉडेलिंगचे, म्हणजे शरीरातील औषधाचा प्रवास गणिताने मांडण्याचे, सॉफ्टवेअर कसे आहे हे ठरवताना बहुतेक जण त्याचा वेग, आलेख आणि पद्धतींची यादी पाहतात. मी संहतीच्या, म्हणजे रक्तातील औषधाच्या प्रमाणाच्या, वक्राची शेपटी पाहतो. मात्रा दिल्यानंतर बराच वेळ उलटून रक्तातील औषधाची संहती प्रयोगशाळेच्या मोजणीच्या खालच्या मर्यादेला, म्हणजे एलएलओक्यूला, टेकू लागते. त्यातच सगळा डेटा लॉगमध्ये, म्हणजे लॉगरिदममध्ये, रूपांतरित केलेला असतो. तेव्हा सॉफ्टवेअर काय करते, काय करू देते आणि काय मुकाट्याने सोडून देते, यावर त्याची खरी परीक्षा होते. प्रस्तुत परीक्षण नॉनमेमचे आहे आणि ते मुद्दाम या एकाच प्रश्नापुरते मर्यादित ठेवले आहे.

नॉनमेमची ओळख या क्षेत्रातल्या वाचकांना करून देण्याची गरज नाही, तरी दोन वाक्ये आवश्यक आहेत. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात स्टुअर्ट बील आणि लुईस शायनर यांनी हा फोरट्रान या संगणकभाषेतला प्रोग्राम घडवला, आणि आज तो आयकॉन या कंपनीकडून सशुल्क परवान्यावर मिळतो. वापरकर्ता मजकुराच्या स्वरूपातली कंट्रोल फाइल लिहितो, एनएम-ट्रान हा त्याचा भाषांतरक तिचे फोरट्रानमध्ये भाषांतर करतो आणि त्या कोडवर नॉनमेम चालतो. ही रचना जुनाट वाटते, पण या परीक्षणातल्या जवळजवळ प्रत्येक गुणाचे आणि दोषाचे मूळ तिच्यातच आहे, कारण अवशिष्ट त्रुटीचे, म्हणजे निरीक्षण आणि अंदाज यांतील उरलेल्या फरकाचे, मॉडेल येथे यादीतून निवडायचे नसून स्वतः लिहायचे असते.

प्रथम, लॉग घ्यायचाच कशाला? नॉनमेममध्ये याला एक कारण आहे, जे नवख्या वापरकर्त्याला कंट्रोल फाइल वाचून कधीच कळणार नाही. घातांकी त्रुटी हवी म्हणून अंदाजित संहतीला ईपीएसच्या, म्हणजे त्रुटीच्या यादृच्छिक पदाच्या, घातांकाने गुणले, तर एफओ आणि एफओसीई या प्राचले (मॉडेलमधल्या अज्ञात संख्या) ठरवण्याच्या पद्धती त्या पदाचे रेषीय सन्निकटन करतात आणि प्रत्यक्षात साधी प्रमाणशीर त्रुटीच बसवली जाते. लिहिले एक, बसले दुसरे, आणि आउटपुटमध्ये त्याबद्दल अवाक्षर नाही. डेटा आणि अंदाज दोघांचाही लॉग घेऊन त्यात ईपीएस नुसता मिळवला, तर मात्र घातांकी त्रुटी खरोखर मिळते, आणि मोठ्या विचरणाच्या, म्हणजे फार पसरलेल्या, डेटावर गणितही पुष्कळदा अधिक स्थिर चालते. याखेरीज अशा मॉडेलमध्ये त्रुटीचे विचरण अंदाजावर अवलंबून राहत नाही, त्यामुळे एफओसीईसोबत इंटरॅक्शन हा (त्रुटी आणि रुग्णागणिकचा फरक यांचा परस्परसंबंध धरणारा) पर्याय लावला काय आणि न लावला काय, उत्तर तेच येते. येथपर्यंत नॉनमेम आपले काम चोख करतो.

अडचण सुरू होते ती शून्यापाशी. मात्रेपूर्वीच्या नमुन्यात, किंवा शोषण सुरू होण्याआधीच्या विलंबकाळात, मॉडेलची अंदाजित संहती शून्य असते आणि शून्याचा लॉग अस्तित्वात नाही. अशा वेळी नॉनमेम थांबतो किंवा अर्थहीन संख्या दाखवतो. हे थांबणे मला आवडते, कारण ते प्रामाणिक आहे. त्यावर वर्षानुवर्षे हातोहात फिरत आलेला उपाय मात्र तितका प्रामाणिक नाही: लॉग घेण्याआधी अंदाजात ०.००००१ मिळवायचे आणि पुढे जायचे. ही संख्या कोणत्या एककात आहे, हे विचारण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. एलएलओक्यू प्रति मिलिलिटर १ नॅनोग्रॅम असेल आणि डेटा नॅनोग्रॅममध्ये असेल, तर हा मिळवलेला अंश मर्यादेच्या एक लाखांश आहे. तोच डेटा मायक्रोग्रॅममध्ये लिहिला, तर तो मर्यादेच्या शंभरांश होतो. मॉडेल तेच, रुग्ण तेच, तरी त्या ओळीचा अर्थ एककागणिक हजार पटींनी बदलतो. अंदाज शून्याहून मोठा असेल तेव्हाच लॉग घ्यावा, अशी अट लिहिणे अधिक स्वच्छ. अलीकडच्या आवृत्त्यांत प्रोटेक्ट नावाचा पर्यायही आहे. तो लावल्यावर लॉगसारखी फलने सुरक्षित रूपात वापरली जातात आणि गणित कोसळत नाही. सोय चांगली आहे, पण ती सरसकट चालू ठेवू नये असे माझे मत आहे, कारण कोसळणारे गणित पुष्कळदा डेटासेटमधली चूक दाखवून देत असते.

त्याहून मोठी चूक डेटाच्या बाजूने होते. ‘मर्यादेखाली’ असा अहवाल आलेल्या नमुन्याला कोणी शून्य लिहितो, मग शून्याचा लॉग निघत नाही म्हणून शून्याऐवजी ०.००१ लिहितो, आणि आपण एक निरुपद्रवी तांत्रिक दुरुस्ती केली असे समजतो. हिशेब करून पाहावा. एलएलओक्यू १ आहे, मॉडेलचा अंदाज ०.५ आहे, म्हणजे मॉडेल अगदी बरोबर सांगते आहे की हा नमुना मर्यादेखाली असणार. ०.५चा नैसर्गिक लॉग उणे ०.६९ आणि ०.००१चा उणे ६.९१; फरक ६.२चा. लॉगच्या पट्टीवरचे प्रमाण विचलन ०.३ असेल तर हा एकच बिंदू ऑब्जेक्टिव्ह फंक्शनमध्ये, म्हणजे मॉडेल डेटावर किती वाईट बसते हे मोजणाऱ्या आकड्यात, सुमारे ४२९ अंकांची भर घालतो. एका प्राचलासाठी ३.८४ अंकांची घट आपण महत्त्वाची मानतो, हे लक्षात घेता, अशा पाचसहा बिंदूंनी संपूर्ण मॉडेल आपल्याकडे ओढून नेले तर नवल नाही. नॉनमेम यावर काहीही म्हणत नाही. त्याच्या दृष्टीने उणे ६.९१ ही इतर कोणत्याही संख्येसारखीच एक संख्या आहे.

अगदी खरी मोजलेली, मर्यादेच्या जरा वरची मूल्येही लॉगच्या पट्टीवर आपल्या योग्यतेपेक्षा अधिक वजन मिळवतात. अंदाज ४०० आणि निरीक्षण २००, किंवा अंदाज ४ आणि निरीक्षण २, दोन्हींत लॉगमधला फरक ०.६९च येतो, प्रमाण विचलन ०.२ धरल्यास दोन्ही बिंदू ऑब्जेक्टिव्ह फंक्शनमध्ये सारखेच १२ अंक टाकतात. प्रयोगशाळेला मात्र हे दोन बिंदू सारखे नसतात. २०२२मध्ये स्वीकारल्या गेलेल्या आयसीएच एम१० या, नमुन्यांतील औषध मोजण्याच्या पद्धतींच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत इतर पातळ्यांसाठी अचूकतेची मुभा १५ टक्के आहे आणि एलएलओक्यूपाशी ती २० टक्के आहे; म्हणजे तळाशी मोजणी अधिक सैल असते, हे नियमातच मान्य केलेले आहे. साधी एकपदी त्रुटी या सैलपणाकडे दुर्लक्ष करते.

यावर नॉनमेममध्ये दोन मार्ग लिहिता येतात, आणि दोन्ही लिहिता येतात हेच त्याचे बलस्थान आहे. पहिल्या मार्गात लॉगच्या पट्टीवरचे प्रमाण विचलन म्हणून एका स्थिरांकाचा वर्ग आणि दुसऱ्या स्थिरांकाला अंदाजाने भागून आलेल्या संख्येचा वर्ग यांच्या बेरजेचे वर्गमूळ घेतले जाते. मूळ पट्टीवरच्या प्रमाणशीर आणि बेरजेच्या त्रुटीचे हे लॉगमधले प्रतिरूप होय. ते शेपटीकडे सुरेख चालते, पण अंदाज शून्याकडे गेला की भागाकार फुगतो, आणि विलंबकाळातले बिंदू डेटात राहिले असतील तर तेथे पुन्हा तोच गोंधळ होतो. शिवाय आता विचरण अंदाजावर अवलंबून असल्यामुळे इंटरॅक्शन लावणे अनिवार्य ठरते. वर सांगितलेली सवलत येथे संपते. दुसरा मार्ग बील यांचा, दोन घातांकी पदांचा: अंदाजात एम हे एक प्राचल मिळवून त्या बेरजेचा लॉग घ्यायचा आणि दोन ईपीएसना अनुक्रमे अंदाजाच्या व एमच्या वाट्याने वजन द्यायचे. संहती मोठी असताना पहिली त्रुटी चालते, तळाशी दुसरी, आणि शून्यापाशी काहीही फुगत नाही. वरकरणी ही ०.००००१चीच युक्ती वाटेल. पण येथे मिळवलेली संख्या डेटावरून ठरते आणि तिच्यासोबत तिची स्वतःची त्रुटीही येते. त्याची किंमत अशी की तळाशी पुरेसे बिंदू नसतील तर एमचा अंदाज डळमळीत येतो.

आता मर्यादेखालच्या, म्हणजे बीएलक्यू, बिंदूंकडे. २००१मध्ये बील यांनी अशा डेटासाठी सात पद्धती मांडल्या आणि त्या एम१ ते एम७ या नावांनी रूढ झाल्या. हे बिंदू वगळणे म्हणजे एम१. वगळून उरलेल्या बिंदूंचे लाइकलिहुड (मॉडेल खरे धरल्यास तो डेटा मिळण्याची शक्यता) ‘मर्यादेच्या वर आहेत’ या अटीवर मोजणे म्हणजे एम२. बीएलक्यू बिंदू मर्यादेखाली असण्याची संभाव्यता थेट लाइकलिहुडमध्ये घेणे म्हणजे एम३. त्यालाच संहती ऋण नसल्याची अट जोडली की एम४. सर्वांच्या जागी अर्धी मर्यादा लिहिणे एम५. फक्त पहिल्याच्या जागी अर्धी मर्यादा लिहून पुढचे वगळणे एम६. आणि शून्य लिहिणे एम७. ही यादी मूळ पट्टीसाठी पाठ करणारे पुष्कळ भेटतात, पण लॉगच्या पट्टीवर ती आपोआप आखूड होते, हे फारसे बोलले जात नाही. एम७ येथे शक्यच नाही. एम४ची वेगळी गरज उरत नाही, कारण लॉगमधून परत आणलेली संहती कधी ऋण होऊच शकत नाही, आणि त्यामुळे एम४ हा एम३च ठरतो. उरते ती निवड वगळणे, अर्धी मर्यादा लिहिणे आणि संभाव्यता मोजणे यांच्यात.

वगळण्याचा तोटा कोणत्या दिशेने होतो हे समजून घेण्यासारखे आहे. समजा, आरंभीची संहती १०० आणि अर्धायुकाल ४ तासांचा आहे. २४ तासांनी खरी संहती १.५६ येते आणि २८ तासांनी ०.७८. मर्यादा १ असताना २८ तासांच्या नमुन्यांपैकी जे योगायोगाने वर गेले तेवढेच डेटात उरतात, बाकीचे गळतात. उरलेल्यांची सरासरी खऱ्यापेक्षा वर, म्हणून उतार सौम्य, म्हणून अर्धायुकाल फुगलेला. आणि नशीब वाईट असेल तर मॉडेलकर्त्याला तेथे एक दुसरा कप्पाही (औषध ज्यात पसरते असा शरीराचा कल्पित भाग) दिसू लागतो, जो औषधाने कधी पाहिलेलाच नसतो. लॉगच्या पट्टीवर शेपटीचे वजन अधिक असल्यामुळे हा परिणाम झाकला जात नाही, उलट अधिक ठळक होतो.

एम३साठी नॉनमेममध्ये आवृत्ती ६पासून सोय आहे. बीएलक्यू बिंदूसाठी एफ_फ्लॅगला (वाय हे निरीक्षणाचे मूल्य की लाइकलिहुड, हे सांगणाऱ्या चलाला) १ ही किंमत द्यायची, मर्यादेच्या लॉगमधून अंदाजाचा लॉग वजा करून प्रमाण विचलनाने भागायचे, आणि त्या संख्येचे फाय, म्हणजे प्रसामान्य वितरणाची संचित संभाव्यता, हेच त्या बिंदूचे वाय, म्हणजे मॉडेलचे उत्तर, म्हणून लिहायचे; बाकी बिंदूंसाठी एफ_फ्लॅग ०. शर्त अशी की एफओसीई वापरत असाल तर लाप्लास पद्धत लावावी लागते. वरच्याच आकड्यांवर याचे वागणे पाहावे: प्रमाण विचलन ०.३ आणि मर्यादा १ असताना अंदाज ०.५ असेल तर बीएलक्यू बिंदूचा दंड केवळ ०.०२ अंक, अंदाज नेमका १ असेल तर १.३९, आणि अंदाज २ असेल तर सुमारे ९.१. मॉडेल बरोबर असेल तर शिक्षा जवळजवळ नाही, चुकत असेल तर चुकीच्या प्रमाणात. ०.००१च्या ४२९ अंकांशेजारी हे आकडे ठेवले की एम३च्या बाजूने मला वेगळा युक्तिवाद करावा लागत नाही. २००८मध्ये नॉनमेम ६ वापरून प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक सिम्युलेशन-अभ्यासातही लाइकलिहुडवर आधारलेला एम३ हा वगळण्याच्या पद्धतीपेक्षा सरस ठरला होता.

तरीही वापरकर्ता म्हणून एम३चा अनुभव गुळगुळीत नाही. लाप्लास पद्धतीत दुसऱ्या क्रमाचे अवकलज लागतात, त्यामुळे वेळ वाढतो आणि को-व्हेरिअन्सची, म्हणजे प्राचलांची अनिश्चितता काढण्याची, पायरी अधिक वेळा अडते. आरंभीची प्राचले वाईट दिली तर आणखी एक खड्डा आहे. समजा, प्रमाण विचलनाची आरंभीची किंमत ०.१ आहे आणि एखाद्या बीएलक्यू बिंदूसाठी मॉडेलचा आरंभीचा अंदाज १०० आहे. फायच्या आत उणे ४६ ही संख्या जाते, संभाव्यता संगणकाच्या दुहेरी अचूकतेतही शून्य होते, आणि शून्याच्या लॉगचा प्रश्न मागच्या दाराने परत येतो. यासाठी पुष्कळ जण फायमध्ये अतिसूक्ष्म संख्या मिळवतात. मी आधी एम१ने मॉडेल स्थिर करून त्याची अंतिम प्राचले एम३ची आरंभीची प्राचले म्हणून देतो. त्याने बहुतेक वेळा तो खड्डा टळतो. मात्रेपूर्वीचे शून्य नमुने एम३मध्ये घालण्यात अर्थ नाही. तेथे मॉडेल निश्चितपणे शून्य सांगत असल्यामुळे ते बिंदू कोणतीही माहिती देत नाहीत, त्यांना एमडीव्ही १ (हा बिंदू निरीक्षण म्हणून धरू नये, अशी खूण) द्यावे.

दोन ठिकाणी नॉनमेमचे मौन मला खटकते, आणि दोन्ही ठिकाणी एखादी साधी सूचना पुरली असती. पहिले, ऑब्जेक्टिव्ह फंक्शनची तुलना. मूळ पट्टीवरच्या मॉडेलचा आकडा हजारांत आणि लॉगवरच्या मॉडेलचा ऋण आला की नवखा माणूस हरखून जातो, पण दोन्ही आकडे वेगवेगळ्या डेटाचे आहेत. तुलना करायचीच असेल तर लॉगच्या आकड्यात सर्व निरीक्षणांच्या नैसर्गिक लॉगांच्या बेरजेची दुप्पट स्वतः मिळवावी लागते. एम१ आणि एम३ यांच्या आकड्यांचीही तुलना होऊ शकत नाही, कारण एकात बिंदूच कमी आहेत. दुसरे ठिकाण म्हणजे अवशेष, म्हणजेच निरीक्षण आणि अंदाज यांतले फरक. बीएलक्यू बिंदूंसाठी वाय ही संहती नसून संभाव्यता असते, तेव्हा त्यांचे भारित अवशेष काढणे निरर्थक आहे. ते टाळण्यासाठी एमडीव्हीआरईएसला १ ही किंमत द्यावी लागते, आणि ती ओळ विसरली तर निदानाच्या आलेखांत असे बिंदू मिसळतात ज्यांचा कशाशीही संबंध नसतो.

स्पर्धकांशी तुलना थोडक्यात करतो. मोनोलिक्समध्ये, ज्याची निर्मिती लिक्सॉफ्टने केली आणि जे २०२०पासून सिम्युलेशन्स प्लसकडे आहे, डेटाचा लॉग वापरकर्त्याने घ्यायचाच नसतो. निरीक्षणाचे वितरण लॉग-प्रसामान्य निवडले की झाले. बीएलक्यूसाठी डेटासेटमध्ये सीईएनएस नावाचा (बिंदू मर्यादेखालचा आहे का, हे सांगणारा) स्तंभ, हवा असल्यास लिमिटचा दुसरा, आणि बाकीचे साएम ही त्याची प्राचले ठरवण्याची पद्धत सांभाळते. आर या संख्याशास्त्रीय भाषेतले मुक्त-स्रोत एनएलमिक्सआर-२ हे पॅकेजही तेच दोन स्तंभ ओळखते आणि त्यात लॉग-प्रसामान्य त्रुटी एका शब्दात लिहिता येते. नॉनमेममध्ये जेथे दहाबारा ओळी आणि तीन सापळे आहेत, तेथे या दोघांत एक स्तंभ आहे. केवळ सेन्सॉर केलेला (मर्यादेखालचे बिंदू असलेला), लॉग-प्रसामान्य त्रुटीचा, नेहमीच्या रचनेचा डेटा असेल आणि संघात फोरट्रानच्या वळणाची सवय नसेल, तर मी नॉनमेमची शिफारस करणार नाही.

पण बील यांचे दोन पदांचे त्रुटी-मॉडेल, दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या दोन वेगळ्या मर्यादा, मूळ औषध लॉगवर आणि त्याचा चयापचयज (शरीरात औषधापासून बनणारा पदार्थ) मूळ पट्टीवर, किंवा एकाच रुग्णाच्या आधीच्या नमुन्यांसाठी एम३ आणि नंतरच्यांसाठी दुसरेच काही, असे विचित्र पण खरे प्रश्न समोर आले की तयार स्तंभांची सोय तोकडी पडते आणि नॉनमेमची कंट्रोल फाइल हवीशी वाटते. तेथे सुचेल ते लाइकलिहुड लिहिता येते, आणि जे लिहिले ते कोणीही ओळ न् ओळ तपासू शकतो. नियामकांकडे जाणाऱ्या कामात हा गुण मला लहान वाटत नाही.

परवाना घेतलाच, तर सोबत उप्साला विद्यापीठातून आलेले पीएसएन हे साहाय्यक साधन जरूर जोडून घ्यावे. त्याच्या दृश्य भाकीत-तपासणीला (मॉडेलवरून सिम्युलेट केलेला आणि खरा डेटा एकत्र दाखवणाऱ्या आलेखाला) मर्यादा सांगितली की ते संहतीच्या आलेखाखाली बीएलक्यू बिंदूंचे निरीक्षित आणि अंदाजित प्रमाण वेळेनुसार वेगळ्या पट्ट्यात दाखवते. वरच्या आलेखात सगळ्या रेषा जुळलेल्या असतात आणि खालच्या पट्ट्यात शेवटच्या तीन वेळांना मॉडेल निम्मेच बीएलक्यू सांगत असते, असे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे, आणि प्रत्येक वेळी मला परत त्रुटी-मॉडेलच्या त्या एका ओळीकडे जावे लागले आहे.